सिस्टरांनी भरून दिलेलं मिनिट

आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. म्हणून फोन तिथंच, गजाला बांधलेल्या कापडी पिशवीत असतो. त्या दिवशी मी सकाळपासून वरच्या रानात नाचणी काढत होते. दुपारी आले, हातपाय धुतले आणि सवयीनं पिशवीत हात घातला. फोनवर तीन मिस कॉल होते. तिन्ही एकाच नावाचे... सिस्टर. पाच-सहा महिन्यांत त्या नावानं फोन वाजला नव्हता. आमच्यात तीन मिस कॉलचा अर्थ ठरलेला होता, हातातलं काम टाक आणि बोल. मी ओल्या हातानंच नंबर लावला. पलीकडं सिस्टर नव्हत्या, त्यांची मुलगी विद्या होती. "यमुनामावशी का? आई गेली हो... सकाळी सहाला, झोपेतच. मी तिच्या फोनमधल्या एकेकीला लावतेय, तुमच्याकडचं कुणी उचलतच नाही." म्हणजे ते कॉल सिस्टरांचे नव्हते. विद्याला आमच्या खुणा ठाऊक असायचं कारण नाही, तिनं आपला तीनदा प्रयत्न केला. पण मला ठाऊक होत्या. तीन आले होते आणि मी चार तासांनी फोन हातात घेतला होता.

दुपारची एस.टी. गाठून पौडला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं भुकूमला पोचेपर्यंत दिवस कलला होता, सगळं आटोपलं होतं. फरशी ओली होती. माणसं दाराशी चपला शोधत होती. मी उंबऱ्याजवळ बसून राहिले आणि शेवटच्या गाडीनं परत आले. रडू आलं नाही. बोलायलाही काही आलं नाही, पण ते माझं नेहमीचंच.

आता दीड महिना झाला. मी हे लिहितेय ते वहीत, कुणाला दाखवायला नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण पाचवीचा वर्ग धरणाच्या पाण्यापलीकडच्या गावात होता आणि मुलीला रोज होडीतून कोण धाडणार. त्यानंतर पेन माझ्या हातात दिलं ते शालन सिस्टरांनीच. बाळंतिणीकडं घरभेट झाली की घरी येऊन एक पान लिहायचं, काय पाहिलं ते, आपल्या शब्दांत. "तुला तोंडानं सांगता येत नाही ना? मग हातानं सांग," असं म्हणायच्या. सुरुवातीला माझ्या पानावर चार ओळी असायच्या. पुढं पुढं पान पुरेनासं झालं.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अठ्ठ्याण्णव साली. माझी थोरली सुरेखा दहा महिन्यांची होती आणि दोन दिवस तिचं पोट उडत होतं. ताप होता, दूध ओढत नव्हती. सासूबाईंनी बिब्बा तापवायला घेतला होता. आमच्याकडं तेव्हा लेकराचं पोट उडालं की पोटावर चटके द्यायचे. उपकेंद्रात नव्यानं आलेल्या नर्सबाई वस्त्या फिरत आमच्या दारात उभ्या राहिल्या. पांढरी साडी चिखलानं भरलेली, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पोरीचं झबलं वर केलं, मनगटावरचं घड्याळ तिच्या पोटाशी धरलं आणि बघत बसल्या. ओठ हलत होते. मला वाटलं, काही मंत्र म्हणतायत. मग म्हणाल्या, "बासष्ट." सासूबाई म्हणाल्या, "कसलं बासष्ट? तुमी सरका, मला चटका देऊ द्या. पोरगी तर हाय, कशाला येवडी धावपळ." सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. "आजी, गुडघे दुखतात ना तुमचे? हा बिब्बा तिथं लावा. पोरीला मी नेतेय." आणि खरंच त्यांनी पोरीला उचललं, दुधाच्या टेम्पोत मला पुढं बसवलं, स्वतः मागं कॅनच्या गर्दीत उभ्या राहून पौडच्या दवाखान्यापर्यंत आल्या. सुरेखा आता सातवीत आहे. सासूबाई शेवटपर्यंत सिस्टरांना "ती बासष्टवाली" म्हणायच्या, पण त्या आल्या की आधी चहा टाकायच्या.

सिस्टर गोड बोलणाऱ्या नव्हत्या. मूळच्या मराठवाड्यातल्या, नवरा लवकर गेला, मुलीला घेऊन नोकरीसाठी इकडं आल्या आणि इकडच्याच झाल्या. जेवताना कच्चा कांदा बुक्कीनं फोडायच्या. कुणी बाळाला बाटलीनं दूध पाजताना दिसलं की बाटली उचलून चुलीत टाकायच्या, मग त्या घरात चार महिने त्यांना पाणीसुद्धा मिळायचं नाही. वरच्या साहेबांनाही त्या सोडत नसत. एकदा दवाखान्याची जीप वेळेवर आली नाही म्हणून त्यांनी मोठ्या साहेबाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमच्या घरातलं बाळ असतं तर ड्रायव्हर जेवायला गेला असता का?" हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कारण ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी त्या गप्प बसल्या, आणि त्याचा मला अजून राग आहे.

रिटायर झाल्यावर त्यांनी भुकूमला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. विद्या माणला एका कंपनीत लागली होती, तिकडंच खोली करून राहायची, रविवारी आईकडं यायची. त्याच सुमारास एका संस्थेनं आमच्या वरच्या अंगाच्या गावांत काम काढलं. प्रत्येक गावातली एक बाई निवडायची, तिला बाळंतिणी आणि लहान लेकरं तपासायला शिकवायचं आणि एक मोबाइल द्यायचा, म्हणजे कुठं अडलं की तिनं जाणत्या माणसाला विचारावं. ते जाणतं माणूस म्हणून संस्थेनं सिस्टरांना नेमलं. आमच्या गावातून त्यांनी माझं नाव सांगितलं तेव्हा सरपंच हसले होते. "यमुना? ती तर बोलतच न्हाई, सिस्टर. आन शिकलीया चौथी." सिस्टर म्हणाल्या, "बोलणाऱ्या बाया तुमच्याकडं ढीगभर आहेत. मला बघणारी पाहिजे."

अशा आम्ही बारा जणी झालो. फोन हातात आले तेव्हाची मजा आठवली की अजून हसू येतं. शेजारच्या गावच्या सगुणानं घरी नेल्या नेल्या फोनची पूजा केली. हळद-कुंकू बटणांच्या फटीत गेलं आणि तिचं तीनचं बटण कायमचं अडकलं. सिस्टर म्हणाल्या, "सगुणे, आता त्याची ओटी भर आणि सवाष्ण म्हणून जेवायला बसव." सगुणाही काही कमी नाही. म्हणाली, "बसवते की. तुमच्यावानी वरडत तर न्हाई त्यो."

मला मात्र फोननं जे दिलं ते दुसऱ्या कशानं दिलं नाही. समोर माणूस असलं की माझ्या घशात गोळा येतो. प्रशिक्षणात मला स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता आलं नव्हतं. पण खिडकीकडं तोंड करून, गजाला धरून, फोनमधल्या सिस्टरांशी मी बोलू शकायचे. पुढं डोंगर असायचा, पाणी असायचं, माझ्याकडं बघणारं कुणी नसायचं. मी नवऱ्याशी बोलले नाही इतकं सिस्टरांशी बोलले. बाळंतिणीचं अंग बिघडलंय ते कोणत्या वासावरून कळतं, कोणत्या घरात सुनेला जेवायला उरत नाही, सगळं. त्या मधे तोडायच्या नाहीत. मी थांबले की नुसतं "पुढं?" म्हणायच्या.

मिस कॉलच्या खुणा सिस्टरांनीच ठरवल्या. फोन लावून आम्ही हॅलो हॅलो करत बसायचो, एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात फोन. त्या वैतागल्या. म्हणाल्या, "नुसती घंटी द्या आणि ठेवा. मी लावते." एक घंटी म्हणजे घरभेटी झाल्या, सगळं ठीक. त्यावर त्या उलट फोन करायच्या नाहीत. दोन घंट्या म्हणजे सवडीनं बोला. तीन म्हणजे आत्ता. घंटी जायची त्यांच्या मोबाइलवर आणि त्या उलट लावायच्या घरातल्या जुन्या, वायरच्या फोनवरून, कारण मोबाइलवर बोललं की त्यांचा कान गरम व्हायचा. दर सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही बारा जणींनी एकेक घंटी द्यायची. सिस्टर वही घेऊन बसायच्या आणि नावापुढं टिंब करायच्या. कुणाचं टिंब आलं नाही तर दुपारपर्यंत तिच्या घरी फोन, नाही लागला तर दुसऱ्या दिवशी एस.टी.नं स्वतः दारात.

त्यांनी शिकवलेल्यात मला सगळ्यात अवघड वाटली ती साधी दिसणारी गोष्ट, बाळाचे श्वास मोजणं. पूर्ण एक मिनिट पोटाकडं बघायचं आणि पोट किती वेळा वर आलं ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा त्याच्या वर भरले की धोका. मला शंभरपर्यंत मोजता येत होतं, घड्याळही कळत होतं, पण दोन्ही एकदम जमेना. काट्याकडं बघितलं की पोट निसटायचं, पोटाकडं बघितलं की काटा कुठून निघाला ते विसरायचे. मग मी आपली युक्ती काढली. अर्धं मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. महिनाभर हे चाललं. एका सोमवारी सिस्टर फोनवर म्हणाल्या, "यमुने, तुझ्या वहीतले सगळे आकडे सम कसे गं? चव्वेचाळीस, अडतीस, बावन्न, शेहेचाळीस... तुमच्या गावची बाळं काय जोडीजोडीनं श्वास घेतात?" त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "बाळ सारखं एकाच चालीनं श्वास घेत नाही. मधे थांबतं, मग धावतं. तू अर्ध्यावर उठून आलीस तर नेमकं जे दिसायला पाहिजे तेच राहतं."

त्यानंतर मी बाळाजवळ बसायचे आणि त्या फोनवरून घड्याळ बघायच्या. "मी काटा बघते, तू पोट बघ. हं, सुरू." आणि मिनिटानं, "बास. किती?" पण बहुतेक घरांत रेंज नव्हती. मग एकदा वहीची पानं दाखवायला मी भुकूमला गेले होते तेव्हा त्यांनी माझा फोन मागून घेतला. त्यात आवाज भरता यायचा, ते विद्यानं त्यांना दाखवलं होतं. मला म्हणाल्या, "हलू नकोस, बोलू नकोस. ते तर तुला जमतंच." फोन तोंडाशी धरला, घड्याळ समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "हं, सुरू." पुढं एक मिनिट आम्ही दोघी गप्प बसलो. मग, "बास. किती?" एवढंच भरलं आणि फोन माझ्या हातात दिला. "घे. हे तुझं मिनिट. रेंज असो नसो, मी आहे."

ते मिनिट मी किती बाळांपाशी वाजवलं असेल. मला ते पाठ आहे. सुरुवातीला त्यांच्या कुकरची शिट्टी. मग खाली बांधकामावर कुणीतरी सळई आपटतं, भुकूमला तेव्हा सगळीकडं इमारती उठत होत्या. पौड रस्त्यावरून एस.टी. हॉर्न वाजवत जाते. दोन कबुतरं. मग बास, किती. लोकांना गंमत वाटायची. फोनमधून काहीच बोलणं येत नाही आणि ही बाई तो कानाशी न धरता उशाशी ठेवून बाळाकडं टक लावून बसलीय. धनगरवाड्यावरची म्हातारी म्हणायची, "हिच्या फोनात मुकी बाई हाय."

त्याच धनगरवाड्यावर वीस दिवसांच्या एका बाळाचे मी पहिल्यांदा एकाहत्तर मोजले. परत मिनिट वाजवलं, परत मोजले. एकोणसत्तर. तिथं रेंज नव्हती. मी पळत टेकाडावर गेले, तीन घंट्या दिल्या आणि फोन छातीशी धरून उभी राहिले. लगेच वाजला. "बोल." मी आकडा सांगितला. "दोनदा मोजलंस?" "व्हय." "पूर्ण?" "पूर्ण, सिस्टर." "खाली रस्त्यावर घेऊन ये. जीप काढायला लावते." जीप आली. म्हातारी वाटेत मला शिव्या देत होती, "धडधाकट लेकराला उचलून न्हेतीया, मुकी ती मुकी." दहा दिवसांनी बाळ घरी आलं. म्हातारीनं मला दह्याचं गाडगं दिलं आणि म्हणाली, "तुज्या मुक्या बाईला पण सांग." मी सिस्टरांना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आता ते लिहायला हवं, जे लिहायचं म्हणून वही काढली.

गुढीपाडव्याच्या आसपास संस्थेनं आम्हा सगळ्यांना पौडला बैठकीला बोलावलं. नवे सर आले होते. तरुण, नम्र, आम्हाला सगळ्यांना ताई म्हणणारे. वाईट माणूस नव्हता, हेही लिहिते. भिंतीवर उजेडाचा मोठा चौकोन पाडला होता. त्यांनी सांगितलं, आता नवे रंगीत फोन येणार. त्यात प्रश्न असतील, आपण बटण दाबायचं, आणि फोनच सांगेल, बाळ लाल की हिरवं. श्वास मोजायला त्यातच घड्याळ असेल, टूंक करून वाजेल. टेबलावर त्या फोनांचे खोके रचलेले होते, आणि आम्ही बारा जणी त्या खोक्यांकडं बघत होतो. मग सरांनी चौकोनावर उभ्या पट्ट्या दाखवल्या. आमच्या फोनांवरून कुणाला किती कॉल झाले ते कम्प्युटरनं काढलं होतं. माहेरी झालेले कॉल दिसत होते, नवऱ्यांना झालेले दिसत होते. सिस्टरांच्या नावाची पट्टी जवळपास नव्हतीच. चार महिन्यांत बारा जणींचे मिळून सात कॉल.

सिस्टर मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "मिस कॉल मोजा."

सर हसले. टिंगलीनं नाही, समजूत घातल्यासारखे. "सिस्टर, मिस कॉल म्हणजे न झालेला कॉल. कम्प्युटर तो कसा मोजणार? आणि तुम्ही घरच्या फोनवरून बोलत असाल तर त्याची नोंद आमच्याकडं येत नाही." मग ते आमच्याकडं वळले. त्यांची नजर माझ्यावर थांबली, बहुतेक मी पहिल्या रांगेत होते म्हणून. "यमुनाताई, तुम्हीच सांगा. न घाबरता. अडलं की तुम्ही सिस्टरांना फोन करता का?"

मी उभी राहिले. म्हटलं, "न्हाई."

"कधीच नाही?"

"मी न्हाई करत."

पुढचं वाक्य तोंडात होतं. मी घंटी देते, त्या करतात. पाच-सहा शब्दांचं वाक्य. अजूनही रानात काम करताना ते माझ्या तोंडात येतं. पण सर "थँक्यू ताई, बसा" म्हणाले, आणि मी बसले. मी खोटं बोलले नव्हते. कुणी मला दोष देऊ शकत नाही. सगुणा, जिची जीभ कधी तोंडात राहत नाही, ती नखांकडं बघत होती. बाकीच्या खोक्यांकडं. आणि सिस्टर... साहेबांना सुनावणाऱ्या सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. त्या उठून सगळं सांगू शकत होत्या. वही त्यांच्या पिशवीत होती, टिंबांची. त्यांनी ती काढली नाही. त्या वाट बघत होत्या, मी उठून पुढचं सांगते का याची. फोनवर थांबायच्या तशा. मला तिथंही शिकवायचं होतं का त्यांना? स्वतःचं काम पणाला लावून? कितीदा मनात त्यांच्याशी भांडले असेन. तुम्हाला माहीत होतं मी कशी आहे ते. माझ्यावर एवढा भरवसा टाकायला सांगितलं कुणी होतं?

पुढच्या महिन्यापासून सिस्टरांची गरज नाही, असं बैठकीच्या शेवटी ठरलं. टाळ्या वाजवून त्यांना नारळ दिला.

स्टँडवर आम्ही दोघीच एका बाकावर बसलो होतो. माझी गाडी त्यांच्या गाडीच्या आधी होती. त्यांनी नारळ माझ्या पिशवीत घातला. "मला खोवायला होत नाही आता." मग रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "यमुने, अर्ध्यावर थांबलीस."

मी म्हटलं, "सिस्टर, मी..."

"गाडी लागली बघ तुझी."

त्यांच्याशी झालेलं समोरासमोरचं हे शेवटचं बोलणं.

नवे फोन वाटले तेव्हा जुने परत मागितले. त्यातलं कार्ड काढून नव्यात घालायचं आणि जुना जमा करायचा. सगळ्यांनी केला. माझी पाळी आली तेव्हा मी सरांच्या डोळ्यांत बघून, खणखणीत आवाजात म्हटलं, "धरणाच्या पाण्यात पडून बिघडला, टाकून दिला. कार्ड तेवडं काडून वाळवलं." एकदाही अडखळले नाही. सर बिचारे म्हणाले, "असू दे, ताई." खरं बोलायला उभी राहिले तेव्हा दोन शब्द निघाले, आणि खोटं बोलायला सगळी वाक्यं हजर. माझी मलाच शिसारी आली.

नवा फोन टूंक करतो, लाल दाखवतो, हिरवं दाखवतो. लाल आलं की निरोप आपोआप पुढं जातो म्हणतात. कधी दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलीचा फोन येतो, ती कागदावरचं वाचून दाखवते आणि शेवटी विचारते, तुमचं समाधान झालं का. "दोनदा मोजलंस का," असं तिनं मला कधी विचारलं नाही.

काम गेल्यावरच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठ वाजता खिडकीत फोन वाजला. एकच घंटी. नाव, सिस्टर. आता त्या उलट द्यायला लागल्या होत्या. मी ठीक आहे, असं. मला फक्त परत एक द्यायची होती. एका बोटाचं काम. मी फोन हातात घेऊन उभी राहिले आणि दिली नाही. काय तोंडानं देणार? एक घंटी म्हणजे सगळं ठीक. दुसऱ्या सोमवारी परत. तिसऱ्या. पाच सोमवार त्यांनी घंटी दिली आणि मी पाचही वेळा आठच्या आधीपासून खिडकीशी उभी होते. सहाव्या सोमवारी फोन वाजला नाही. मी दहापर्यंत थांबले, मग धुणं घेऊन गेले.

त्यांच्या दहाव्याला मी पुन्हा भुकूमला गेले. माणसं पांगल्यावर विद्यानं मला आत बोलावलं आणि ती वही दाखवली. म्हणाली, "मावशी, हे टिंबांचं काय आहे हो? आई शेवटपर्यंत सोमवारी ही घेऊन बसायची." शेवटची पानं काम गेल्यानंतरची होती. सगुणासकट सात-आठ जणींच्या नावांपुढं टिंबं होती. मला हे ठाऊकच नव्हतं. बाकीच्या देत होत्या! माझ्या ओळीत पाच चौकोन रिकामे होते. पाचव्याच्या पुढं सिस्टरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रेंज नसेल.'

मी वही मिटून विद्याला परत दिली. टिंबांचं काय आहे ते तिला सांगितलं, सगळं, शेवटपर्यंत. ती ऐकत होती. फक्त ती ओळ माझी आहे, हे तिनं नाव वाचून ओळखलं असेल तर असेल, मी सांगितलं नाही.

त्यानंतर संस्थेनं पौडला शोकसभा घेतली. सिस्टरांचा मोठा फोटो, हार. सर बोलले, चांगलं बोलले. आणि शेवटी म्हणाले, सिस्टरांच्या आठवणीत आम्ही एक नवी सोय सुरू करतोय. ताईंनी फक्त मिस कॉल द्यायचा, कम्प्युटर त्यांना उलट फोन करेल, आणि प्रत्येक मिस कॉलची नोंद होईल. टाळ्या पडल्या. सगुणानं माझ्याकडं बघितलं. मी उभी राहिले. कुणी विचारलं नव्हतं, तरी राहिले. म्हटलं, "सर, ह्ये सिस्टरांचं हाय. आमी घंटी देत होतो, त्या घरच्या फोनवरनं लावत होत्या. रोज. तुमी विचारलं तवा मी अर्धंच सांगितलं."

वाक्य पूर्ण झालं. सर मान हलवत होते. "हो हो, ताई, सिस्टरांचं योगदान मोठंच आहे. बसा, चहा आलाय." बायकांनी कप उचलले. कुणीतरी खारी फिरवली. आठ महिन्यांपूर्वी जे वाक्य बोलून सिस्टरांचं काम राहिलं असतं, ते आता बोलले, आणि त्यानं एका कपातला चहासुद्धा हलला नाही.

घरी येऊन मी धान्याच्या डब्यातून जुना फोन काढला. त्यात कार्ड नाही, कुणाला लागत नाही, कुणाचा येत नाही. तो चार्जिंगला लावला आणि ते मिनिट वाजवलं. हं, सुरू. कुकरची शिट्टी. सळई. एस.टी. कबुतरं. समोर बाळ नव्हतं म्हणून असेल, बघायला काही नव्हतं म्हणून मी नुसती ऐकत राहिले, आणि पहिल्यांदाच मला त्या सगळ्या आवाजांच्या अलीकडं आणखी एक आवाज ऐकू आला. सिस्टरांनी फोन तोंडाशी धरला होता. त्यांचा श्वास ऐकू येत होता. संथ, मधे जरा अडकणारा, पुन्हा सुरू होणारा. इतकी बाळं मोजली, पण हे कधी ऐकलंच नव्हतं.

मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. खिडकीशी उभी राहिले, गज धरला, डोळे मिटले आणि मोजायला लागले. अर्ध्यावर एस.टी. आली, ती जाऊ दिली.

"बास. किती?"

"सतरा, सिस्टर."